इमेजजे: दिसायला गबाळं, पण फोटोवर काढलेला आकार मोजून देतं

फोटोवर माउसनं गोल, चौकोन, बाण काढायचा म्हणलं की आपल्याकडं पहिलं नाव येतं पेंटचं, आणि त्यात वाईट काहीच नाही, १९८५ ला विंडोजच्या पहिल्या व्हर्जनसोबत आलेलं सॉफ्टवेअर अजून टिकून आहे म्हणजे त्यात काहीतरी असलंच ना. पण पेंटमधला गोल हा तुम्ही बाजूला क्लिक करेपर्यंतच गोल असतो. एकदा बाजूला क्लिक झालं की तो फोटोत मुरला, मग तो सरकवता येत नाही, लहानमोठा करता येत नाही, आणि त्याच्या आत जागा किती बसली हे तर पेंटला विचारायचंच नाही. विंडोज ११ च्या पेंटमधे २०२३ ला लेयर, म्हणजे फोटोच्या वर वेगळे थर, आले म्हणा, पण आमच्याकडं येणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर विंडोज १० च धापा टाकत चालतंय, तिथं ११ कुठं काढता.

माझं परभणीत थिसिस टायपिंगचं दुकान आहे, कृषी विद्यापीठाच्या बाजूला, स्पायरल, हार्ड बाइंडिंग, कलर प्रिंट सगळं होतं. गिऱ्हाईक म्हणजे निम्म्याच्या वर एम.एस्सी. ॲग्रीची लेकरं. यांचं काम नुसतं टायपिंगचं नसतं. कोणाला सोयाबीनच्या पानावर ठिपक्याभोवती गोल पाहिजे, कोणाला मुळाच्या फोटोवर बाण आणि खाली स्केल बार, म्हणजे फोटोतला सेंमी केवढा ते दाखवणारी रेघ, पाहिजे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पानाचं क्षेत्रफळ पाहिजे. "दादा, सर म्हणले लीफ एरिया काढून आण, मशिनवर नंबरच लागंना" हे वाक्य सीझनला रोज ऐकायला मिळतं. तर या सगळ्यासाठी मी इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, आणि बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, चांगलं पण आणि डोकं फिरवणारं पण.

आधी कुणाचं आहे ते. अमेरिकेत एनआयएच म्हणून सरकारी आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथल्या वेन रॅसबँड यांनी १९८७ ला मॅकसाठी एनआयएच इमेज नावाचा प्रोग्राम केला आणि मग १९९७ ला तेच काम जावामधे नव्यानं लिहून इमेजजे आणलं. पूर्ण फुकट आहे, पब्लिक डोमेन, म्हणजे क्रॅक नाही, लायसन्स की नाही, ट्रायल संपली म्हणून फोटोवर आडवा वॉटरमार्क नाही. थिसिसमधे "मटेरियल अँड मेथड्स"ला याचं नाव बिनधास्त टाकता येतं, जगभरात पेपरात हेच नाव असतंय. क्रॅक केलेल्या फोटोशॉपचं नाव थिसिसमधे कसं लिहिणार सांगा. फिजी म्हणून याचाच एक मोठा भाऊ आहे, आत इमेजजेच, वर प्लगइनचा, म्हणजे जोडून दिलेल्या जास्तीच्या सोयींचा, ढीग. पानं मोजायला त्याची गरज नाही, साईझ पण मोठी आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवत बसू नका.

आता दिसायला कसं आहे, तर खरं सांगू का, उघडलं की वाटतं काहीतरी अर्धवटच लोड झालं. एक बारीक पट्टी येते, वर मेनू, खाली चौकोन-गोल-रेघा असे चिन्हं, बस. पांढरी पाटी नाही, रिबन नाही, काही नाही. फोटो उघडला की तो वेगळ्या खिडकीत, मोजमापाचा तक्ता आणखी वेगळ्या खिडकीत, आणि या सगळ्या खिडक्या एकमेकीच्या मागं लपतात. नव्या जास्त रेझोल्यूशनच्या लॅपटॉपवर तर ते चिन्हं एवढे बारीक दिसतात की चष्मा पुसावा लागतो, त्याला एडिट, ऑप्शन्स, अपिअरन्स मधे जाऊन जीयूआय स्केल वाढवा, दीड-दोन करा, मग माणसात येतंय.

पण आकार काढायला घेतला की कळतं हे कोणीतरी काम करणाऱ्यानं बनवलंय. चौकोन ओढायला लागा, खालच्या पट्टीवर रुंदी-उंची लगेच पळायला लागते. सरळ रेघ ओढा, लांबी आणि कोन दोन्ही दिसतात. ओढताना शिफ्ट दाबलं की चौकोन चौरस होतो आणि लंबगोल पक्का गोल होतो. काढून झाल्यावर आत माउस नेऊन अख्खा आकार उचलून दुसरीकडं ठेवा, टोकाचे बारीक चौकोन धरून ताणा, आणि ॲरो कीनं एक एक पिक्सेल सरकवा. हे ॲरो कीचं मला फार आवडतं, कारण स्वस्तातला माउस शेवटच्या क्षणी हमखास हलतो, गोल ठिपक्यावर नेमका बसतच नाही, मग कीबोर्डनं टुकटुक करून बसवायचा.

ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक लाल त्रिकोण दिसतो त्याच्यावर राइट क्लिक करा, आत अजून माल आहे. रेघेच्या खाली तुटक वळणाची रेघ, हातानं ओढायची रेघ आणि बाण, गोलाच्या खाली ब्रश. हे कोणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात यात बाणच नाही. बाणाच्या चिन्हावर डबल क्लिक केलं की जाडी, टोकाचा प्रकार, रंग सगळं बदलता येतं.

आता फ्रीहँड का पॉलिगॉन, यावर थोडं थांबतो कारण इथंच वेळ जातो सगळ्यांचा. नवीन माणूस आधी फ्रीहँड घेतो, पेन्सिल समजून, आणि पानाच्या कडेनं माउसचं बटन दाबून धरून फिरवतो. हात थरथरतो, मधेच बटन सुटतं, सुटलं की आकार तिथल्या तिथं बंद. आणि फ्रीहँडनं काढलेल्या कडेचा एखादा बिंदू नंतर धरून ओढता येत नाही. त्यापेक्षा पॉलिगॉन घ्या. कडेनं एक एक क्लिक करत जा, वळण जास्त तिथं क्लिक जवळजवळ, सरळ कड असली तर लांब लांब, आणि शेवटी सुरुवातीच्या बारीक चौकोनावर क्लिक केलं का डबल क्लिक केलं की आकार बंद. मग झूम करून बघायचं, जो बिंदू पानाच्या बाहेर गेला त्याला धरून आत ओढायचं, बिंदू कमी पडला तर शेजारच्या बिंदूवर शिफ्ट धरून क्लिक, जास्तीचा काढायचा तर ऑल्ट धरून क्लिक. चहा पिऊन या, परत बसा, आकार तसाच. सोयाबीनच्या पानाची कड गोलसर असते तिथं एडिट, सिलेक्शन मधलं फिट स्प्लाइन केलं की क्लिकच्या मधल्या सरळ रेघा वळणदार होतात, थोडक्या क्लिकमधे बरं काम होतं. झूमला प्लस-मायनस, आणि स्पेसबार दाबून धरला की हाताचं चिन्ह येतं, त्यानं फोटो सरकवायचा.

आणि मग खरी गंमत, मोजमाप. आतापर्यंत ग्राफ पेपरवर पान ठेवून पेन्सिलनं कड काढायची आणि चौकोन मोजत बसायचं, अर्ध्याच्या वर भरलेला चौकोन एक धरायचा, अर्ध्याच्या आतला सोडायचा, असं चालायचं. एका पानाला ठीक, पण प्लॉट, रिप्लिकेशन (तोच प्रयोग परत परत) आणि दिवसांचे टप्पे धरले की पोरं पार बेजार होतात. इमेजजेमधे पानाशेजारी एक पट्टी ठेवून फोटो काढायचा, त्या पट्टीवर १० सेंमीची सरळ रेघ माउसनं ओढायची, अनॅलाइझ मधे सेट स्केल, नोन डिस्टन्स मधे १० टाका, युनिटमधे सेंमी, झालं. आता पानाभोवती पॉलिगॉन काढा आणि कीबोर्डवर नुसतं एम दाबा, तक्त्यात क्षेत्रफळ चौरस सेंमीत हजर. परिमिती, लांबी असलं काही पाहिजे असलं तर सेट मेजरमेंट्स मधे आधी टिक करून ठेवायचं. तक्ता सीएसव्हीमधे सेव्ह होतो, एक्सेलमधे उघडतो, तिथून पुढं ॲनोव्हा बिनोव्हा, ती आकडेमोड, तुमची तुम्ही बघा.

स्कॅनरवर पान स्कॅन केलं तर अजून सोपं, कारण ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, १ सेंमीमधे ११८ पिक्सेल येतात, म्हणजे १० सेंमीची रेघ ११८१ पिक्सेलच्या आसपास आलीच पाहिजे. नाही आली तर स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं फोटो बारीक करून दिलाय किंवा कोणीतरी व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवलाय. व्हॉट्सॲपनं साधा पाठवला की साईझ बदलते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे मी दुकानात कागदावर लिहून चिकटवलंय तरी कोणी वाचत नाही.

मोबाईलच्या फोटोला मात्र जपून. मोबाईल तिरका धरला तर पट्टीकडचा सेंमी आणि पानाकडचा सेंमी सारखा राहत नाही. पट्टी टेबलावर आणि पान वाटीसारखं वर उचललेलं, असं पण नको, पान आणि पट्टी एका पातळीत पाहिजे, वर काच ठेवली तर उत्तम. आणि लक्षात घ्या, लांबीच्या स्केलमधे ५ टक्के फरक पडला तर क्षेत्रफळात १० टक्क्याच्या वर पडतो, कारण ते दोन्ही बाजूनं वाढतंय. सेट स्केलमधे ग्लोबल म्हणून एक टिक आहे, ती लावली की पुढचे सगळे फोटो त्याच स्केलनं मोजले जातात. स्कॅनरसाठी ही टिक सोन्यासारखी. मोबाईलसाठी धोक्याची, दर फोटोला उंची वेगळी असती ना, तरी सॉफ्टवेअर काहीच कुरकुर न करता चुकीचा आकडा देत राहतं.

सोयाबीनचं पान तीन पर्णिकांचं, त्याला पहिल्या पर्णिकेचा पॉलिगॉन झाला की शिफ्ट धरून दुसरा, मग तिसरा, तिन्ही मिळून एकच आकार धरला जातो. आत अळीनं खाल्लेलं भोक असलं तर ऑल्ट धरून भोकाभोवती काढा, ते वजा होतं. एक अडचण अशी की असा जोडलेला आकार झाला की त्याचे बिंदू मग धरून हलवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पर्णिका आधी नीट बसवून घ्यायची आणि मग पुढं जायचं.

नुकसानीची टक्केवारी काढायला पण हेच. कडेनं अळीनं कुरतडलेलं असलं तर आधी पान मूळ कसं असेल त्या अंदाजानं बाहेरचा पॉलिगॉन काढा, मग उरलेल्या हिरव्या भागाचा वेगळा. समजा बाहेरचा ४८ चौ. सेंमी आला आणि उरलेला ३९.६, तर ८.४ गेलं, म्हणजे साडेसतरा टक्के. नुसतं डोळ्यानं बघून "वीस टक्के असंल" म्हणण्यापेक्षा गाइडसमोर हे बरं दिसतं. अंदाजाचा भाग यात पण आहेच, कुरतडलेली कड शेवटी तुम्हीच मनानं काढताय, पण निदान तो अंदाज आकाराच्या रूपात फोटोवर राहतो, कोणीही उघडून बघू शकतो की पोरानं कड कुठून नेली.

हे "राहतो" म्हणालो ते रॉय मॅनेजरमुळं, म्हणजे काढलेल्या आकारांची यादी ठेवणारी खिडकी. टी दाबलं की काढलेला आकार एका यादीत जाऊन बसतो, त्याला नाव देता येतं, टी१ आर२ पान३ असं काहीपण, आणि अख्खी यादी वेगळ्या झिप फाइलमधे सेव्ह होते. फोटोला हात पण लागत नाही. सहा महिन्यानं गाइड म्हणले हे पान परत मोजून दाखव, तर फोटो उघडा, यादी उघडा, शो ऑल करा, सगळे आकार नंबरासकट जागच्या जागी. माझ्या मते या सॉफ्टवेअरची सगळी किंमत इथं आहे. आकार फोटोपासून वेगळा राहिला तरच तो दुरुस्त करता येतो आणि तरच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो, फोटोत मुरलेला आकार म्हणजे फ्लेक्सवर मार्करनं केलेली दुरुस्ती.

आता याला शिव्या पण घालतो.

अनडू. एकच पायरी मागं जातं. एकच. आणि ते पण फोटोत झालेल्या बदलाला, आकार सरकवला-बिघडवला त्याला कंट्रोल झेड बहुतेक वेळा विचारतच नाही. चुकून बाहेर क्लिक झालं की मेहनतीनं काढलेला पॉलिगॉन गायब होतो, पोरगी रडायच्या बेतात येते, तेव्हा कंट्रोल शिफ्ट ई दाबा, शेवटचा आकार परत येतो. हे एक शॉर्टकट भिंतीवर लिहून ठेवा. ऑटोसेव्ह पण नाही, आमच्याकडं पावसाळ्यात लाईटीचा काय भरोसा नसतो, लॅपटॉप नसंल तर दर दोन-चार पानाला यादी सेव्ह करत चला.

दुसरं म्हणजे शॉर्टकटला कंट्रोल लागतच नाही, नुसतं अक्षर दाबलं की काम होतं. शिकल्यावर हे झकास, पण कीबोर्डवर कोपर टेकलं तरी काहीतरी होऊन बसतं. डी दाबलं की आकार फोटोत कायमचा रंगवला जातो, पेंटसारखा, आणि बी दाबलं की ओव्हरले म्हणून वरच्यावर वेगळा राहतो. दोन अक्षरात जमीन-अस्मानाचा फरक, आणि मेनूत हे कुठंच ठळक सांगितलेलं नाही. नियम असा ठेवा की कायम बी, आणि मूळ फोटोची कॉपी बाजूला. ओव्हरले ठेवायचं तर टिफमधे सेव्ह करा, आकार वेगळेच्या वेगळे राहतात. वर्डमधे टाकायला इमेज, ओव्हरले, फ्लॅटन करून जी नवी खिडकी येते ती पीएनजीत सेव्ह करायची. जेपीजी नको, बाणाच्या कडेला घाण येते.

तिसरं, लाल बाण राखाडी येणं. "दादा, लाल निवडलाय तरी काळपट यायलाय" असं म्हणत येणारे बरेच. फोटो ग्रेस्केल, म्हणजे नुसता काळा-पांढरा-राखाडी, असला आणि डी दाबून बाण त्यात रंगवला तर लाल रंग उमटणार कसा? इमेज, टाइप, आरजीबी कलर करा आणि मग काढा. हे सॉफ्टवेअरनं स्वतः सांगायला पाहिजे होतं, एवढी वर्षं झाली, एक ओळीची सूचना टाकली असती तर काय बिघडलं असतं.

वँड म्हणून जादूची काडी पण आहे, एका क्लिकमधे कड आपोआप पकडते, चिन्हावर डबल क्लिक करून टॉलरन्स, म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा ते, वाढवायचा. पांढऱ्या कागदावर गडद हिरवं पान, सावली नाही, स्कॅनरचा फोटो, एवढं जमून आलं तर पॉलिगॉनची गरजच पडत नाही. पण पिवळ्या मोझॅक रोगाचं पान आलं की पिवळा भाग कागदात धरते आणि सावली पानात धरते. मग गपगुमान माउसनं क्लिक क्लिक.

सगळ्यालाच हे लागतं असं पण नाही. ज्वारीच्या लांब पानाला लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७४७ हे जुनं सूत्र बहुतेक गाइड चालवून घेतात, तिथं पट्टी घेऊन शेतातच काम होतं, फोटो काढायचीच गरज नाही. कापसाच्या खाचा पडलेल्या पानाला आणि अळीनं चाळणी केलेल्या सोयाबीनला मात्र हेच बरं. आणि तुम्हाला नुसता ऑनलाइन फॉर्मच्या स्क्रीनशॉटवर "इथं क्लिक करा" म्हणून लाल गोल काढून मामाला पाठवायचा असंल तर हे उतरवूच नका, पेंट बास आहे. पत्रिका, बॅनर, लोगो असलं काम पण याच्यात करायला जाऊ नका, त्याला इंकस्केप आहे, ते पण फुकटच.

मार्क द्यायचे तर मोजायच्या कामाला पाचपैकी साडेचार, अर्धा अनडूचा कापला. नुसत्या सजावटीला दोन, ते पण बाणासाठी.

लॅपटॉपच्या टचपॅडवर पॉलिगॉन काढायच्या फंदात पडू नका, बोटं दुखून येतील आणि कड पण वाकडी येईल, साधा वायरवाला माउस घ्या आणि विंडोजमधे पॉइंटरचा स्पीड थोडा कमी करा. उतरवताना जावा आतच असलेली झिप घ्या, वेगळं जावा टाकायची भानगड राहत नाही, इन्स्टॉल पण करायचं नाही, नुसती झिप सोडवायची. ती डेस्कटॉपवर नाहीतर डॉक्युमेंट्समधे सोडवा, प्रोग्राम फाइल्समधे टाकू नका, तिथं टाकली की अपडेट करताना विंडोज परवानगीवरून अडून बसतं. पेनड्राइव्हवर ठेवून लॅबच्या पीसीवर पण चालतं, फक्त तो पेनड्राइव्ह आधी माझ्या पीसीला लावायच्या अगोदर स्कॅन करून आणा.